वरची कॉइल

शेषरावमामा, मी आज जिथं उभा आहे तिथवर मला कुणी आणलं, असं कुणी विचारलं तर मी तुमचं नाव सांगतो. गोरेगावच्या सेनगाव रस्त्यावरचे मोटार वायंडिंगवाले शेषरावमामा. तुमच्यासमोर मात्र हे मी कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही हात न थांबवता म्हणाला असता, "बीएस्सी, भाषण नको देऊ, ते वार्निशचं डबडं इकडं सरकव."

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. तिसऱ्या दिवशी दुकानासमोर लोक जमले होते तेव्हा जो तो आपापल्या मोटारीबद्दल सांगत होता. कुणाची मोटार तुम्ही भर उन्हाळ्यात एका दिवसात भरून दिलीत, कुणाच्या विहिरीत स्वतः उतरलात. मी मागं उभा राहून ऐकत होतो. मलाही बोलायला सांगितलं, मी मान हलवून नाही म्हणालो. मला जे सांगायचं होतं ते एका गिटारच्या कॉइलबद्दल होतं आणि ते त्या गर्दीत सांगण्यासारखं नव्हतं.

ते आता लिहितो आहे. तुम्हाला उद्देशून लिहितो, कारण दुसऱ्या कुणाशी मी खोटं बोललो नव्हतो.

आमचा तांडा गोरेगावपासून पायी पाऊण तासावर. कॉलेज हिंगोलीला. सकाळी तांड्यावरून चालत यायचं आणि तुमच्या दुकानासमोर जीप भरायची वाट बघायची. जीप भरल्याशिवाय हलत नसे, म्हणून मी उभ्याउभ्या पुस्तक उघडत असे. पंधरा-वीस दिवस तुम्ही नुसतं पाहिलंत. मग एक स्टूल पायानं बाहेर ढकललंत.

"बस. काय वाचून राहिला?"

"फिजिक्स. विद्युतचुंबकीय प्रवर्तन."

"म्हंजे काय?"

मी पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवली. घरी आमची बोली वेगळी, मराठी मी शाळेत शिकलो, त्यामुळे माझी मराठी पुस्तकासारखीच होती. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग मांडीवरचा मोटारीचा लोखंडी गाभा उचलून, तांब्याच्या वेढ्यांनी अर्धा भरलेला, माझ्यापुढं धरलात.

"हे काय?"

मी वेढ्यांवरून बोट फिरवलं. दोन वर्षं मी जे वाचत होतो ते असं दिसतं, त्याला वार्निशचा वास येतो, त्याची तार बोटाला कापते, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी माझी जीप गेली. दुसऱ्या जीपनं मी गेलो आणि पहिला तास बुडाला. कॉलेजच्या तीन वर्षांत बुडालेला तेवढा एकच तास मला वसूल झाल्यासारखा वाटतो.

शेवटच्या वर्षी दिवाळी झाली आणि तांडा ऊसतोडीला निघायची तयारी करू लागला. माझे बापू म्हणाले, यंदा तू बी चल. हे तुम्हाला कळलं तसे तुम्ही मोटारसायकल काढून तांड्यावर आलात. पायातल्या चपला न काढताच ओट्यावर टेकलात.

"रामूभाऊ, लेकराला काहून न्यायला?"

"कोयत्याला माणूस लागतं, शेषराव."

"कोयत्याला कोनीबी भेटन. त्याच्या पेपरला त्याच्याबगैर कोन बसन?"

बापू हसले. बापू हसले म्हणजे काम झालं, हे मला ठाऊक होतं. ते पाच महिने मी तुमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत राहिलो. मामींनी तव्यावरची भाकरी कधी मला मागायला लावली नाही. पुढच्या जूनमध्ये आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मी निकालाचा कागद घेऊन आलो तो आधी तुमच्याकडं, मग तांड्यावर. तुम्ही कागद उलटा-सुलटा करून पाहिलात, बोटाला ग्रीस होतं म्हणून मामींच्या हातात दिलात आणि खिळ्याला टांगलेली कापडी पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवलीत.

पिशवीत लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार होती. हिंगोलीकडच्या एका बेंजो पार्टीनं ॲम्प्लिफायरसोबत दुरुस्तीला टाकली होती. पुढं पार्टी मोडली, माणसं विखुरली, न्यायला कुणी आलं नाही. तुम्ही निरोप पाठवून पाठवून थकलात.

"घे. पास झाला. एक कॉइल मेलेली है, एक जिती है."

ज्यांनी अशी गिटार पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारांच्या खाली लोहचुंबकाच्या सहा खुंट्या आणि त्यांच्याभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे, असं छोटं खोकं असतं. त्याला पिकअप म्हणतात. तार हलली की वेढ्यांत वीज उमटते, तीच पुढं स्पीकरमधून आवाज होऊन येते. आमच्या गिटारला असे दोन पिकअप होते. एक खाली, जिथं तारा बांधलेल्या असतात तिथं. दुसरा वर, गळ्याजवळ. तुम्ही त्यांना खालची कॉइल आणि वरची कॉइल म्हणायचात, मग मीही तसंच म्हणू लागलो. खालची चालू होती. तिचा आवाज टोकदार, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. वरची बंद होती. आत कुठंतरी तार तुटली होती.

पुण्याला नोकरी लागल्यावर मी मोबाइलवर बघून बघून वाजवायला शिकलो. कंपनीतल्या चौघांचा गट जमला. वार्षिक कार्यक्रमात आम्हाला वीस मिनिटं मिळाली आणि सगळे मला म्हणू लागले, तुझ्या गिटारला गोडवा नाही, वरचा पिकअप टाकून घे. कोणता टाकायचा यावर मी दोन महिने वाचत होतो. कुणी म्हणे जाड आवाजाचा घे, कुणी म्हणे जोरकस घे. नावं वाचून, तुलना वाचून माझं डोकं फिरलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी ती सगळी माहिती घेऊन तुमच्यासमोर बसलो.

तुम्ही एकच विचारलंत. "नेटवाल्यानं तुझी गिटार पाह्यली काय?"

"नाही."

"मंग त्याले काय ठाव?"

तुम्ही गिटार मांडीवर आडवी घेतलीत. मोटारीचं बेरिंग ऐकायला तुम्ही जसा पेचकस टेकवायचात, दांडा कानाला आणि टोक लोखंडाला, तसाच पेचकस गिटारच्या लाकडाला टेकवलात आणि मला तार छेडायला लावली. बराच वेळ ऐकत होतात. मग चष्मा वर करून तारेकडं पाहिलंत.

"इकडं ये. खालच्या कॉइलवर तार कशी हालती?"

"थरथरते."

"आन् वरच्या कॉइलवर?"

मी वाकून पाहिलं. तिथं तार रुंद हलत होती.

"झोका खाती का न्हाई? जितं तार सवताच इतका झोका खाती तितं आपुन जास्त वेढे काहून द्यायचे? तिथली कॉइल हलकी पाह्यजे. तिचं म्हननं ऐकून घ्यायचं फकस्त."

मी म्हणालो, "मामा, सगळे म्हणतात वेढे जास्त तर ताकद जास्त."

"ते मोटारीला. मोटारीनं पानी वढायचं असतं. हिनं काय वढायचं है?"

यावर आपला वाद दोन दिवस चालला. मी तुम्हाला मोबाइलवर आकडे दाखवले. तुम्ही म्हणालात आकडा कानाला ऐकू येतो का. मी म्हणालो अंदाजानं होत नाही, मोजमाप लागतं. तुम्ही मामींना हाक मारून म्हणालात, "ऐकलं का, आपल्या बीएस्सीनं मला शाळंत घातलं." मामी आतून म्हणाल्या, "फी माफ है का इचारा." असं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर तुम्ही मेलेल्या कॉइलची सगळी जुनी तार काढून सांगाडा पुसून ठेवला होता.

एवढी बारीक तार तुमच्याकडं नव्हती. मोटारीची तार तिच्यापुढं दोरखंड. तुम्ही भंगारातून जुने टेलिफोन आणलेत, डायल फिरवायचे, गावात आता कुणाकडं नाहीत ते. त्यांच्या घंटीच्या कॉइलमध्ये तशी तार असते हे तुम्हाला माहीत होतं. ती तार तुम्ही उलगडलीत. तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. तार दिसत नव्हती, म्हणून बोट ओलं करून तिच्यावर ठेवायचात आणि अंगठ्यानं तिचा ताण ओळखायचात. तीनदा तुटली. तीनदा तुम्ही ती जोडलीत, डाग देऊन, कागदाची चिंधी लावून.

हातानं फिरवायच्या मशीनचं मोजायचं चक्र कधीचं झिजलेलं होतं. तुमची आपली पद्धत होती. शंभर वेढे झाले की स्टीलच्या ताटलीत तुरीचा एक दाणा. मशीन फिरवताना मनात शंभर मोजायचे, दाणा टाकायचा, पुन्हा एकपासून. ताटली सांभाळायचं काम तुम्ही माझ्याकडं दिलंत. "माझी नजर तारेवर राहू दे, तुही दान्यावर."

दुपारी मला पुण्याहून फोन आला. मी उठून दारापर्यंत गेलो. परत वळलो तेव्हा मामींची तांबडी कोंबडी ताटलीजवळ होती आणि ताटलीत चार दाणे उरले होते.

मी ओरडलो तशी ती फडफडत बाहेर पळाली. मामी हसत हसत पदर तोंडाला लावून उभ्या. मला रडू यायचं बाकी होतं. दाणे पन्नास होते की पंचावन्न, मला सांगता येईना. तुम्ही मशीन थांबवलं नव्हतं. मनातले शंभर पुरे करूनच तुम्ही मान वर केलीत.

"काय झालं?"

"मामा, मोजणी गेली. कोंबडीनं खाल्ली."

"दाने खाल्ले. वेढे तर कॉइलमधीच हैत ना?"

"पण किती ते कसं कळणार?"

तुम्ही कॉइल डाव्या तळहातावर ठेवून अंगठा फिरवलात. "आनखी चार-पाचशे देतो, मंग बस." आणि तेवढे देऊन तुम्ही तार कापलीत. मोटारीसारखंच पातळ वार्निश पाजलंत, दोन बल्बच्या खाली दिवसभर वाळवलीत आणि रुमालात बांधून माझ्या हाती दिलीत. गिटार मी पुण्यालाच ठेवून आलो असतो तर बरं झालं असतं. पण ती दुकानातच होती, तुम्ही म्हणालात, "आत्ता बसवून देऊ का?" आणि मी म्हणालो, "नको मामा, मी पुण्यात नीट बसवतो." मला तुमच्यासमोर ती ऐकायची नव्हती. आवाज वाईट आला तर तुमच्याकडं बघावं लागलं असतं.

मामा, इथून पुढचं तुम्हाला माहीत नाही.

पुण्यात मी मल्टिमीटर लावला. मीटर लावायला तुम्हीच शिकवलं होतं. आकडा पाच हजार चारशे ओहम आला. वाचलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा तो कमी होता. मी लगेच ठरवलं की कॉइल अशक्त आहे, वेढे कमी पडले आहेत, कोंबडीमुळे सगळा घोळ झाला आहे. आकडा तारेच्या जाडीवरही अवलंबून असतो आणि टेलिफोनची तार वेगळी होती, एवढं तरी मी बीएस्सी असून विचारात घ्यायला हवं होतं. ते घेतलं नाही. मी ती कॉइल गिटारला लावून एकदाही ऐकली नाही. एकदाही. बाजारातून खोक्यातला जोरकस पिकअप आणला आणि तो बसवला. तुमची कॉइल रुमालासकट प्रमाणपत्रांच्या पेटीत ठेवली.

कार्यक्रम चांगला झाला. तुम्ही निघताना सांगितलं होतं, "फोनवर सांगू नको, फोनचं बोललेलं उडून जातं. कागद लिव्ह. भिताडाला लावतो." म्हणून मी पत्र लिहिलं. लिहायला बसलो तेव्हा खरंच लिहिणार होतो. "तीर्थरूप मामांस" एवढं लिहिल्यावर मला तुमचं ते ओलं बोट दिसलं आणि मी भलतंच लिहिलं. मनाला सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला आनंद होईल, यात कुणाचं काय बिघडतं.

पुढच्या जानेवारीत गोरेगावच्या शाळेच्या गॅदरिंगला मला बोलावलं. माजी विद्यार्थी, पुण्याला असतो, गिटार वाजवतो. तुम्ही धुतलेला पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होतात. मी दोन गाणी वाजवली. मध्येच तुम्ही हात वर करून, सगळ्या शाळेसमोर, "वरची लाव, वरची!" म्हणालात. पोरं हसली. मी बटण वर ओढलं आणि वाजवलं. तुम्ही डोळे मिटलेत. शेजारच्या सरांना तुम्ही जे सांगितलंत ते मला स्टेजवर ऐकू आलं.

"हे माझं वायंडिंग है."

मी वाजवत राहिलो. दुसरं काय करायला हवं होतं ते आता रोज सुचतं.

कार्यक्रम संपल्यावर तुम्ही माझ्याजवळ आलात. खांद्यावर हात ठेवलात. पण चेहरा मोटार चालू करून बिघाड शोधताना असायचा तसा होता.

"चांगलं वाजवलं. पर आवाज जरा जाड येऊन राहिला रे."

"नाही मामा, छान आहे."

"न्हाई न्हाई. म्या हलकी केली होती. वेढे जास्त गेले वाटते. कोंबडीच्या नादात माझा अंदाज चुकला." मग लगेच, माझीच समजूत काढल्यासारखं, "काही न्हाई. पुढच्या टायमाला गिटार घेऊन ये. खोलू. पाचेकशे वेढे काढून टाकू. बराबर होऊन जाईन."

मी म्हणालो, "येतो मामा."

आणि आलो नाही. दीड वर्ष आलो नाही. सणाला तांड्यावर आलो ते तुमच्या दुकानावरून न येता दुसऱ्या वाटेनं. गिटार उघडली असती तर खोक्यावर छापलेलं नाव तुम्हाला दिसलं असतं. तुमच्या डोळ्यांना नाही दिसलं तरी बोटांना कळलं असतं. मामींचे फोन यायचे. "मामा इचारून राहिले, गिटार कधी आनतो?" मी सांगायचो, काम आहे, सुट्टी नाही, पुढच्या महिन्यात. पावसाळ्यात फोन आला की तुम्ही अंथरुणाला खिळलात. तेव्हा मी यायला हवं होतं. तेव्हाही मला पहिल्यांदा गिटारच आठवली. नुसतंच यावं तर तुम्ही विचाराल, गिटार कुठं आहे. घेऊन यावं तर तुम्ही म्हणाल, खोल. मी जुनी कॉइल बसवून आणायची ठरवली, चार रविवार ते ठरवत राहिलो, आणि पाचव्या आठवड्यात मामींचा फोन आला. त्या नुसत्या रडत होत्या.

मी पोचलो तोपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तिसऱ्या दिवशी लोक गेल्यावर मामींनी मला आत नेलं. दुकानाच्या भिंतीवर माझं पत्र होतं, काचेच्या चौकटीत. त्याच्या भोवतीची भिंत नव्या चुन्यानं पांढरी दिसत होती.

"चुना मारताना बी काढू देलं न्हाई," मामी म्हणाल्या. "म्हने, त्याच्या भवतालनं मार."

मग त्यांनी चौकट उतरवून माझ्या हातात दिली. "तूच घेऊन जा आता. मला वाचता येत न्हाई."

मी जायला उठलो. त्या दाराशी बसून बोलत राहिल्या, मला म्हणून नव्हे, सवयीनं. "दीड साल झालं, बारीक तारंचं काम घेतच नव्हते. देवळाच्या माइकचं आलं, वापस केलं. रेडिओवाला आला, वापस केला. म्या म्हनलं, काहून? तर म्हने, माझा हात गेला आता. लेकराच्या गिटारीत वेढे जास्त देऊन बसलो. मोतीबिंदू काढा म्हनलं तर म्हने, डोळ्याचं न्हाई, अंदाजाचं है."

मामा, तुम्ही चाळीस वर्षं ज्या अंदाजावर जगलात तो मी घालवला. तुमच्या हातानं न केलेल्या कामाची चूक तुम्ही स्वतःवर घेतलीत आणि त्यापायी कामं परत पाठवलीत. माझं एक वाक्य पुरेसं होतं. "मामा, ती तुमची कॉइल नाही." एवढं. त्यावर तुम्ही शिवी दिली असती, स्टूल पायानं ढकललं असतं, चार दिवस बोलला नसतात. पण हात तरी तुमचा राहिला असता.

त्या दिवशीही मी मामींना खरं सांगितलं नाही. चौकट काखेत धरून निघालो. हे छापून आलं की त्यांना कुणीतरी वाचून दाखवेल. तोंडानं सांगायची हिंमत मला झाली नाही, ते असं तरी त्यांच्यापर्यंत पोचो.

पुण्याला आल्यावर मी पेटी उघडली. रुमालाला अजून वार्निशचा वास आहे. खोक्यातला पिकअप काढला आणि तुमची कॉइल बसवली. आता ऐकायचं कुणासाठी, हे कळत नव्हतं तरी बसवली. तार छेडली. मामा, आवाज हलका होता. सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या, एकीनं दुसरीला दाबलं नाही. ज्याबद्दल मी दोन महिने वाचत होतो तो गोडवा हाच असावा. पाचशे काय, एक वेढासुद्धा काढायची गरज नाही. कोंबडीनं दाणे खाल्ले होते, आणि तुमचा अंदाज जागेवर होता.

मी एकदा वाजवलं आणि गिटार पिशवीत ठेवली. तेव्हापासून काढलेली नाही. गटातल्या मुलांना सांगितलं की मला जमणार नाही.

एक गोष्ट मला सुटत नाही. गॅदरिंगला तुम्हाला कळलं होतं का? पेचकस टेकवून बेरिंगचा एक छर्रा ओळखणारा माणूस स्वतःची कॉइल ओळखणार नाही? कळलं असेल तर तुम्ही मला सगळ्या शाळेसमोर झाकलंत, आणि "खोलू" म्हणून मला खरं बोलायची एक वाट ठेवलीत, आणि मी त्या वाटेनं आलो नाही. नसेल कळलं, तर तुम्ही दीड वर्ष स्वतःच्या हाताला दोष देत त्या खोलीत बसून होतात. यातलं कमी वाईट कोणतं, ते मला ठरवता येत नाही. तुम्ही नाही म्हणून आता ते कुणालाच विचारता येत नाही.

आभार मानायचे होते. स्टुलाचे, बापूंना केलेल्या विनंतीचे, पाच महिन्यांच्या भाकरीचे. ते मानायला लागलो की मध्ये ही कॉइल येते. म्हणून आभार न मानता, भिंतीवरून उतरवलेलं ते पत्र जसंच्या तसं खाली देतो. अक्षर माझंच आहे.

"तीर्थरूप शेषरावमामा यांस, किसनचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, आमचा कार्यक्रम उत्तम पार पडला. आपण गुंडाळलेली वरची कॉइल मी येथे आल्याबरोबर बसवली. आवाज अतिशय गोड आला. कार्यक्रमानंतर सर्वांनी मला विचारले की हा पिकअप कोणत्या कंपनीचा आहे. मी सांगितले, गोरेगावचा आहे. त्यांचा विश्वास बसेना.

मामा, आपला वाद आपण जिंकलात. वेढे अगदी बरोबर आहेत. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मामींच्या कोंबडीला माझा नमस्कार सांगावा आणि तिला ताटलीपासून लांब ठेवावे.

तुमच्या हातचे काम माझ्यासोबत आहे म्हणून मला परक्या गावात एकटे वाटत नाही. मामींना नमस्कार. डोळ्यांना जपावे.

पुढील सुट्टीत गिटार घेऊन येतोच. तुमच्यासमोर स्क्रू काढून, उघडून दाखवतो.

आपला आज्ञाधारक,
किसन"